आजारी शिक्षिकेला लिहिलेले पत्र: रशियन भाषेतील इच्छा आणि भावनांचे एक प्रकरण

रशियात वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांचा अभ्यासक्रम पुष्कळदा इंग्रजीतून चालतो. तरीही रशियन भाषेचा तास त्यांना चुकत नाही, कारण पुढील वर्षांत रुग्णालयात जाण्याची वेळ येते तेव्हा समोरचा रुग्ण आपले दुखणे रशियनमध्येच सांगतो. येथे मांडलेले प्रकरण अशाच एका विद्यार्थिनीचे आहे. तिच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील वगळून ते लिहीत आहे. ही मुलगी पुण्यात माझ्याकडे रशियन शिकली आणि नंतर कझानला गेली. तेथे तिच्या वर्गाला रशियन शिकवणाऱ्या बाई आजारी पडून रुग्णालयात दाखल झाल्या. वर्गाने त्यांना पत्र पाठवायचे ठरवले आणि लिहिण्याचे काम हिच्याकडे आले. मसुदा तयार झाल्यावर तो पाठवण्यापूर्वी तिने मला दाखवला.

परदेशी विद्यार्थ्यांसाठी असलेल्या रशियन भाषेच्या प्रमाणित परीक्षेच्या सहा पातळ्या आहेत. त्यांपैकी दुसरी म्हणजे पायाभूत पातळी तिने ओलांडली होती. या पातळीला सुमारे 1300 शब्द येणे अपेक्षित असते आणि त्यापुढच्या पातळीला 2300. मसुद्यातील शब्द तपासले तर एकही शब्द तिच्या आवाक्याबाहेरचा नव्हता आणि स्पेलिंगच्या चुकाही किरकोळ होत्या. चुका होत्या त्या सगळ्या एकाच प्रदेशातल्या, म्हणजे 'मला काय वाटते' आणि 'तुमचे काय व्हावे' हे सांगणाऱ्या वाक्यांतल्या. विशेष म्हणजे त्या सरसकट नव्हत्या. काही वाक्ये इतकी सहज आणि अचूक होती की इंग्रजीभाषक विद्यार्थ्याला ती साधायला बराच काळ लागला असता. त्यांच्या शेजारचीच वाक्ये मात्र पार कोसळलेली होती. ती कोठे कोसळली आणि कोठे टिकली, याचा नकाशा मराठी व्याकरणाशी जुळतो, असे माझे मत आहे आणि या लेखाचा विषयही तोच आहे. (रशियन वाक्ये येथे उच्चाराच्या जवळ जाणाऱ्या देवनागरीत दिली आहेत.)

प्रथम टिकलेली वाक्ये पाहू. 'म्न्ये ग्रूस्ना', म्हणजे 'मला वाईट वाटते आहे', हे तिने न अडखळता लिहिले होते. येथे 'म्न्ये' हे 'मी' या अर्थाच्या 'या' या सर्वनामाचे चतुर्थीचे रूप आहे आणि 'ग्रूस्ना' हा न बदलणारा शब्द आहे. वाक्यात प्रथमेतला कर्ताच नाही. ज्याला भावना होते तो चतुर्थीत बसतो, आणि मराठी माणसाला यात वावगे काहीच वाटत नाही. दुसरे वाक्य याहून अवघड होते: 'नाम ओचेन् पान्राविल्सा वाश पास्लेद्निय उरोक', म्हणजे 'तुमचा शेवटचा धडा आम्हाला खूप आवडला'. येथे क्रियापद धड्याप्रमाणे चालते. धड्यासाठी असलेला 'उरोक' हा शब्द पुल्लिंगी आहे म्हणून 'पान्राविल्सा', आणि पुस्तकासाठीचा 'क्नीगा' हा शब्द स्त्रीलिंगी आहे म्हणून 'पान्राविलस्'. मराठीतही 'धडा आवडला', 'कविता आवडली' असेच आपण म्हणतो आणि 'आम्हाला' जागचे हलत नाही. ही रचना शिकवताना मी फळ्यावर मराठी वाक्य लिहून त्याखाली रशियन वाक्य लिहितो; स्पष्टीकरणाची गरज सहसा पडत नाही.

याच देणगीचा दुसरा भाग म्हणजे मराठीतील '-वेसे वाटणे' ही रचना. 'मला रडावेसे वाटते' याला रशियनमध्ये 'म्न्ये खोचित्सा प्लाकत्' असे जवळजवळ समांतर रूप आहे. 'खोचित्सा' या रूपात इच्छा आपल्याला होते, आपण ती करत नाही. ठाम, जाणीवपूर्वक इच्छेसाठी मात्र 'या खाचू' हे क्रियापद आहे आणि त्याला प्रथमेतील कर्ता लागतो. पत्रातील पहिली चूक नेमकी या सांध्यावर झाली. तिने लिहिले होते: 'म्न्ये खाचू', म्हणजे सर्वनाम चतुर्थीचे आणि क्रियापद 'मी'चे. थोड्या अंतरावर 'म्न्ये बायूस्' असेही होते. मनात 'मला भीती वाटते' हे वाक्य होते.

या चुकीचे कारण उघड आहे. मराठीत 'मला'चा पसारा रशियन 'म्न्ये'पेक्षा कितीतरी मोठा आहे. मला हवे, मला आवडते, मला भीती वाटते, मला आशा आहे, मला आठवण येते: मराठीत मनात जे काही घडते ते बहुतेक 'मला'च्या दारातून आत येते. रशियनने मात्र या कारभाराची वाटणी केली आहे. अनेक भावनांना तेथे दोन रूपे आहेत; एक चतुर्थीचे, एक प्रथमेचे. 'म्न्ये स्त्राश्ना' आणि 'या बायूस्', दोन्हींत भीती. 'म्न्ये ग्रूस्ना' आणि 'या ग्रुश्शू', दोन्हींत उदासी. 'म्न्ये न्रावित्सा' आणि 'या ल्युब्ल्यू' यांत आवड आणि प्रेम असा अर्थाचा फरक आहे. 'म्न्ये स्कूश्ना' म्हणजे मला कंटाळा आला आहे, तर 'या स्कुचायू' हे कंटाळ्यासाठीही चालते आणि कोणाची तरी आठवण येऊन करमत नाही या अर्थानेही. विद्यार्थ्याने अर्थ पाहून विभक्ती ठरवायची नाही, शब्दाचा शेवट पाहून ठरवायची. शब्दाच्या शेवटी 'मी'चा प्रत्यय, म्हणजे 'ऊ' किंवा 'यू' असा ध्वनी असेल (त्यामागे कधी 'स्' येतो, जसे 'बायूस्', 'नादेयुस्'), तर कर्ता त्या रूपातच बसलेला असतो आणि बाहेर फक्त 'या' येऊ शकतो. शब्द 'ग्रूस्ना', 'स्त्राश्ना' यांच्यासारखा लिखाणात 'ओ'ने संपणारा आणि न बदलणारा असेल, तर 'म्न्ये'. इतके सांगितल्यावर तिने मसुद्यातील अशा सर्व जागा स्वतःच दुरुस्त केल्या.

एक जागा मात्र या कसोटीने सुटण्यासारखी नव्हती. तिचे वाक्य होते: 'म्न्ये रादुयेत, श्तो वास लेचात खारोशिये व्राची', म्हणजे 'तुमच्यावर चांगले डॉक्टर उपचार करत आहेत याचा मला आनंद वाटतो'. 'रादुयेत' म्हणजे 'आनंद देते', आणि आनंद ज्याला मिळतो तो रशियनमध्ये द्वितीयेत जातो: 'मिन्या रादुयेत'. शाळेत पाठ केलेला विभक्तीचा तक्ता ज्यांना आठवत असेल त्यांना अडचण लगेच कळेल. मराठीत द्वितीया आणि चतुर्थी या दोन्हींचे प्रत्यय 'स, ला, ते' असे सारखेच आहेत, त्यामुळे 'त्याने मला पाहिले' आणि 'त्याने मला पुस्तक दिले' यांतला 'मला' आपल्याला एकच वाटतो. रशियनमध्ये पहिला 'मिन्या' आहे आणि दुसरा 'म्न्ये'. कानाला दोन्ही जवळचे वाटतात, पण गल्लत झाली तर वाक्य मोडते.

वैद्यकीय विद्यार्थिनीसाठी ही गल्लत पत्रापुरती राहत नाही, म्हणून येथे थोडे थांबणे योग्य ठरेल. रुग्ण म्हणतो, 'मिन्या ताश्नीत', म्हणजे मळमळते आहे. 'मिन्या झ्नाबीत', म्हणजे थंडी वाजून अंग कापते आहे. ही रशियनमधील कर्ताविरहित क्रियापदे आहेत आणि त्यांच्यासोबत द्वितीया येते. मराठी व्याकरणात 'मळमळते' हे भावकर्तृक क्रियापदाचे ठरलेले उदाहरण आहे, तेव्हा रचनेची ओळख आपल्याला आधीपासूनच असते. अडते ते केवळ 'मला'चे कोणते रूप घ्यायचे तेथे. याउलट 'म्न्ये बोल्ना' (मला दुखते आहे), 'म्न्ये प्लोखा' (मला बरे वाटत नाही) आणि 'म्न्ये त्रूद्ना दिशात्' (मला श्वास घ्यायला त्रास होतो) ही सर्व चतुर्थीची वाक्ये. अवयवाचे नाव आले की तिसरीच पद्धत येते: 'उ मिन्या बालीत गालावा', म्हणजे शब्दशः 'माझ्याकडे डोके दुखते'. आणि डॉक्टर रुग्णाला जो प्रश्न विचारतात, 'श्तो वास बिस्पाकोइत', तोही द्वितीयेचाच आहे: 'तुम्हाला कशाचा त्रास होतो आहे'. पत्रातील 'रादुयेत' आणि खाटेजवळचा 'बिस्पाकोइत' एकाच घरातले आहेत, हे तिला सांगितल्यावर त्या वाक्याची चूक पुन्हा झाली नाही.

आता इच्छेकडे येऊ. पत्राचा खरा हेतू 'बाईंनी लवकर बरे व्हावे' हे सांगण्याचा होता आणि नेमके तेच वाक्य सर्वांत वाईट उतरले होते: 'या खाचू वास पाप्रावित्सा'. हे वाक्य मराठीतून आलेले नाही. मराठीतून विचार केला असता तर ते असे आलेच नसते, कारण 'मी तुम्हाला बरे होणे इच्छिते' असे कोणताही मराठी माणूस म्हणत नाही. ते इंग्रजीतून आले आहे. आपल्याकडे रशियन शिकवण्याची पुस्तके बहुधा इंग्रजीतून लिहिलेली असतात, आणि विद्यार्थी वाक्य जुळवताना नकळत इंग्रजीचा साचा घेतो, ही यातली गोम आहे. त्या साच्यात इच्छा करणारा, ज्याच्याविषयी इच्छा आहे तो आणि क्रियापदाचे मूळ रूप एका ओळीत बसतात. रशियनमध्ये ते बसत नाहीत. इच्छा माझी आणि कृतीही माझीच असेल तरच 'खाचू'नंतर क्रियापदाचे मूळ रूप येते: 'या खाचू पाप्रावित्सा', मला बरे व्हायचे आहे. इच्छा माझी आणि कृती दुसऱ्याची असेल तर उपवाक्य उघडावे लागते आणि त्याच्या तोंडाशी 'श्तोबी' हे उभयान्वयी अव्यय येते: 'या खाचू, श्तोबी वी पाप्राविलिस्'.

मी तिला रशियन वाक्य बाजूला ठेवून तीच गोष्ट मराठीत लिहायला सांगितले. तिने लिहिले: 'तुम्ही लवकर बरे व्हावे अशी आमची इच्छा आहे.' मग पुढचे वाक्य लिहायला सांगितले, ते तिने मसुद्यात रशियनमध्ये बिनचूक लिहिले होते. मराठीत ते असे झाले: 'तुम्ही लवकर परत याल अशी आम्हाला आशा आहे.' दोन्ही वाक्ये एकाखाली एक ठेवली की भेद डोळ्यांसमोर येतो. इच्छेसोबत 'व्हावे' हा विध्यर्थ येतो, आशेसोबत 'याल' हा साधा भविष्यकाळ. रशियनमध्येही तसेच आहे. 'नादेयुस्' म्हणजे 'आशा आहे'; त्याच्यासोबत 'श्तो' आणि भविष्यकाळ: 'नादेयुस्, श्तो वी स्कोरा विर्न्योतेस्'. 'खाचू'सोबत मात्र 'श्तोबी' आणि भूतकाळासारखे दिसणारे रूप. आशेत आपण घटना घडेल असे धरून चालतो, इच्छेत ती अजून हवेत असते. हा भेद मराठी आपल्या क्रियापदाच्या रूपात सांभाळते, रशियन तो अव्यय आणि क्रियापद या दोघांत वाटून सांभाळते. मराठीतला 'की' दोन्हीकडे सारखाच चालतो ('वाटते की तो येईल', 'वाटते की त्याने यावे'), म्हणून विद्यार्थी 'श्तो' आणि 'श्तोबी' एकच समजून बसतो. 'की'कडे न पाहता मराठी क्रियापदाकडे पाहावे: '-वे' दिसले तर 'श्तोबी'.

'पण बरे व्हायचे तर पुढे आहे, मग भूतकाळ कशाला?' हा तिचा पुढचा प्रश्न होता आणि तो रास्त होता. 'श्तोबी' हा शब्द 'श्तो' आणि 'बी' यांच्या जोडीतून झालेला आहे, आणि 'बी' हा निपात, म्हणजे न बदलणारा छोटा शब्द, जेथे असेल तेथे क्रियापद सहसा भूतकाळाच्या रूपात येते, पण काळ दाखवत नाही. ते रूप फक्त एवढेच सांगते की गोष्ट अद्याप प्रत्यक्षात नाही. मराठीलाही हे अपरिचित नाही. 'तुम्ही आलात तर बरे होईल' या वाक्यात 'आलात' भूतकाळी दिसते, येणे मात्र पुढचे आहे. रशियन भूतकाळाच्या रूपाला लिंग आणि वचन लागते, पुरुष लागत नाही, कारण ते मुळात एक कृदंत होते. मराठीच्या 'आला, आली, आले' यांची कुळकथाही कृदंताचीच आहे. दोन्हीकडे 'ल' असणे हा योगायोग समजावा, परंतु लक्षात ठेवायला तो फार सोयीचा आहे.

नकारात्मक इच्छेत आणखी एक बारकावा येतो. मसुद्यात 'तुम्ही काळजी करू नये असे आम्हाला वाटते' या अर्थाचे वाक्य होते. तेथे 'नि खातीम, श्तोबी वी वल्नावालिस्' असे अपूर्ण पक्षाचे, म्हणजे कृती चालू असल्याचे दाखवणारे, क्रियापद घ्यावे लागते, कारण नको असलेली गोष्ट ही चालू राहणारी अवस्था आहे. बरे होणे मात्र एकदा पूर्णत्वाला जायचे आहे, म्हणून तेथे पूर्ण पक्षाचे क्रियापद.

बऱ्या होण्यासाठी तिने निवडलेल्या 'पाप्रावित्सा' या क्रियापदाचा एक दुसरा अर्थ 'अंगाने भरणे' असाही आहे. आजाराच्या संदर्भात गैरसमज होत नाही. धडधाकट बाईंना भेटल्यावर 'वी पाप्राविलिस्' म्हणणे मात्र टाळलेले बरे.

पत्राच्या अखेरीला शुभेच्छा होत्या: 'झिलायू वाम झ्दारोव्ये'. हवे होते 'झ्दारोव्या', कारण 'झिलायू' या क्रियापदासोबत जी गोष्ट चिंतायची ती षष्ठीत जाते. बोलताना या दोन रूपांतला फरक जवळपास ऐकूच येत नाही, म्हणून तोंडी परीक्षेत ही चूक खपून जाते आणि कागदावर उघडी पडते. षष्ठीचा हा नियम कळला की रोजच्या रशियन सदिच्छांची रूपे का तशी आहेत तेही उलगडते. 'स्पाकोयनय नोची' (शुभ रात्री), 'श्चिस्लीववा पुती' (प्रवास सुखाचा होवो), 'प्रियात्नवा अपितीता' (जेवण रुचकर लागो) ही सर्व षष्ठीत आहेत. मागचे 'झिलायू' गळून पडले आहे आणि विभक्ती उरली आहे. वाढदिवसाला किंवा नववर्षाला म्हणायचे अभिनंदन तृतीयेत जाते, कारण तेथे गळून पडलेले क्रियापद वेगळे आहे. 'झिलायू'नंतर क्रियापदाचे मूळ रूपही चालते: 'झिलायू वाम स्कारेये पाप्रावित्सा'. येथे बरे होणारी व्यक्ती चतुर्थीत बसते, म्हणून 'खाचू'ला जे जमले नाही ते 'झिलायू'ला जमते. तिला ही सवलत अन्यायकारक वाटली.

दोन दुरुस्त्या व्याकरणापेक्षा शिष्टाचाराच्या होत्या. पहिली, 'म्न्ये झाल् वास'. व्याकरण निर्दोष आहे, पण त्यात 'मला तुमची कीव येते' अशी छटा सहज येते आणि विद्यार्थिनीने शिक्षिकेला ती लिहू नये. 'ओचेन् झाल्, श्तो वी झाबालेली', म्हणजे 'तुम्ही आजारी पडलात याचे फार वाईट वाटते', हे योग्य. घडून गेलेल्या गोष्टीचे दुःख असल्यामुळे येथे 'श्तो' आणि खराखुरा भूतकाळ येतो. दुसरी दुरुस्ती मायन्याची. तिने 'आदरणीय बाई' या चालीवर 'उचीतेल्नित्सा' असे संबोधन केले होते. तो शब्द शाळेतील शिक्षिकेचा आहे. विद्यापीठात शिकवणारी व्यक्ती 'प्रिपादावातेल्' असते आणि संबोधन या दोहोंपैकी कशानेच होत नाही. रशियात वडीलधाऱ्यांना आणि शिक्षकांना नाव आणि त्यापुढे वडिलांच्या नावावरून केलेले पितृनाम घेऊन हाक मारतात. नुसते नाव घेणे तेथे उद्धटपणाचे ठरले असते. पत्रात एकाच व्यक्तीला आदराने 'वी' लिहिताना पहिले अक्षर मोठे काढण्याचा संकेतही तिने पाळला नव्हता, तो पाळायला सांगितला.

एका वाक्याबाबत आमचे एकमत झाले नाही. 'तुमची आठवण येते' यासाठी तिने 'स्कुचायेम पा वाम' लिहिले होते. जुना संकेत 'पा वास' असा आहे, आजच्या बोलण्यात 'पा वाम' सर्रास ऐकू येते आणि ते मान्यही झाले आहे. मी 'स्कुचायेम बिझ वास', म्हणजे 'तुमच्यावाचून करमत नाही', हा वादाबाहेरचा पर्याय सुचवला. तिने वसतिगृहातल्या मैत्रिणींचे ऐकले आणि 'पा वाम' ठेवले.

अंतिम पत्र छोटे झाले. त्याचा गाभा असा होता: 'ओचेन् झाल्, श्तो वी झाबालेली. नाम बिझ वास ग्रूस्ना. नास रादुयेत, श्तो वास लेचात खारोशिये व्राची. मी खातीम, श्तोबी वी स्कारेये पाप्राविलिस्, ई नादेयेम्सा, श्तो वी स्कोरा विर्न्योतेस्. झिलायेम वाम झ्दारोव्या. पूस्त् व्स्यो बूद्येत खाराशो!' (यातील 'मी' म्हणजे रशियनमध्ये 'आम्ही'.) शेवटच्या वाक्यातील 'पूस्त्' तिने स्वतःहून घातला होता. सगळे चांगले होवो, या मराठी 'होवो'च्या जागी तो बसतो, आणि पुढे साधा भविष्यकाळ येतो. एखादी गोष्ट लवकर व्हावी म्हणून तगमग होते तेव्हाचे 'स्कारेये बी' हे रूपही मी सुचवले होते. 'स्कारेये बी वी विर्नूलिस्' म्हणजे 'कधी एकदा तुम्ही परत येता असे झाले आहे'. पण पत्रात ते फार जवळिकीचे वाटेल, असे तिचे म्हणणे पडले, आणि ते मला पटले.

त्यानंतर आलेल्या तिच्या एका संदेशात नवी चूक होती: 'नादेयुस्, श्तोबी'. 'श्तोबी'चा उत्साह आता आशेवरही सांडला होता. याचे मूळही मराठीत सापडते, कारण 'सगळे ठीक व्हावे अशी आशा आहे' असे आपण सर्रास बोलतो आणि कोणी हटकत नाही. आशा आणि इच्छा यांच्यातली रेघ मराठी बोलणारा वेळप्रसंगी पुसतो. रशियन ती पुसू देत नाही. तेव्हा 'आशा' लिहिताना मनातल्या मराठी वाक्यातही भविष्यकाळ घालून पाहावा, मगच रशियनकडे वळावे, असे तिला कळवले आहे.